रुग्ण क्रमांक चार, म्हणजे माझे आबा

प्रिय आबा,

माझा लेख छापून आला. तापीकाठच्या उसातले कोल्हे पिसाळतात, गुरांना चावतात, आणि गुरांकडून माणसांपर्यंत रेबीज कसा पोचतो, ते सगळं त्यात आहे. परवा आमच्या व्हेटर्नरी कॉलेजात पेढे वाटले. त्यातल्या एका तक्त्यात तुम्हीही आहात : रुग्ण क्रमांक चार, पुरुष, शेतकरी. नाव नाही, कारण रुग्णाचं नाव छापायचं नसतं. पण तुमच्या ओळीत मी लबाडी केली आहे. ती आधी तुम्हाला सांगायची, म्हणून आज घरी येऊन लिहायला बसले.

तिथं मी लिहिलंय, ‘म्हशीच्या घशात काही अडकले या समजुतीने मालकाने तोंडात हात घातला.’ आमच्याकडे नवीनच आलेले एक सर ते वाचून म्हणाले, “काय अडाणी माणसं असतात हो, मॅडम! हात घालायची काय गरज होती?” रुग्ण क्रमांक चार माझा कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी पेढा खाल्ला. खाल्ला, आबा!

हात घालायला कोणी सांगितलं होतं? मीच!

आठवतो तुमचा फोन? “बेटा, भुरीना गयामा काहीतरी अडकेल शे. चारा खात नही, पानी पेत नही, नुसती लाळ गाळी ऱ्हायनी. हात टाकी दखू का?” माझ्यापुढे खापर गावाहून आलेलं मेलेल्या कोल्ह्याचं डोकं होतं. कवटी फोडून मेंदूचा नमुना काढायचा होता. हातात मोजे, फोन मानेत दाबलेला. मी म्हटलं, “टाका आबा, चारामातलं ऊसनं वाढं अडकेल व्हई. पन दात संभाळा.” आणि फोन ठेवून छिन्नी उचलली.

म्हशीला काही चावलं का, एवढं एक विचारलं नाही. जनावराला गिळता येत नसेल तर तोंडात हात घालू नका, आधी हा प्रश्न विचारा, असं मी पहिल्या वर्षाच्या पोरांकडून घोकून घेते. शिकवते मी ते! कपाळ माझं.

पण तुम्ही तरी कोल्ह्याचं का बोलला नाहीत? मला ते कळलं दीड महिन्याने, तुम्हाला नंदुरबारला दवाखान्यात नेल्यावर. शेजारच्या शेतातले सुकलालकाका रडत रडत सांगत होते. भर दुपारी कोल्हा उसातून निघाला आणि खुंट्याला बांधलेल्या भुरीच्या नाकपुडीला लोंबकळला. तुम्ही फावड्याने त्याचा कणा मोडला, तरी जबडा सुटेना. मग डोकंच ठेचलं, फावड्याचा दांडा तुटेपर्यंत. पाटचारीच्या कडेला त्याला पुरलं आणि काकांना दटावलं, “पोरले सांगू नको. ती माले पकडाई देई.”

पकडून देईल! मी, तुम्हाला!

का नाही वाटणार तसं? आदल्या वर्षी गावाने तरस कोंडून काठ्यांनी मारलं, तेव्हा मी नेमकी घरी आलेली. तरसाची आतडी बाहेर आली होती आणि ते अजून श्वास घेत होतं. त्या घोळक्यात तुमच्याही हातात काठी बघून माझं डोकं फिरलं. “लाज नाही वाटत? वनखात्याला पहिलं नाव तुमचंच देईन!” चारचौघांत बापाला बोलले. तुम्ही काठी टाकलीत, घरी आलात, जेवला नाहीत. मी मात्र दोन भाकऱ्या हाणल्या. मला वाटलं, बरी अद्दल घडवली.

हात घातल्यानंतर दोन दिवसांनी भुरीने खुंटा उपटला. गोठ्याच्या भिंतीवर डोकं आपटत राहिली. एक शिंग मुळापासून उखडलं, भिंत रक्ताने भरली. आईच्या मांडीत तिने दुसरं शिंग घुसवलं; तो वण आईने मला फार नंतर दाखवला. मला तुम्ही फोनवर एवढंच सांगितलंत, “भुरी गई.” मी म्हटलं, अरेरे, दुसरी घेऊ. तुमच्या कोपराखाली तिच्या दाताचा ओरखडा होता, तो तुम्ही हळद लावून बरा केलात. त्याच दिवशी इंजेक्शन मिळालं असतं तर तुम्ही आज इथे असता.

आणि मग तुम्ही. आईने पाणी दिलं तर तांब्या भिरकावलात. पंख्याचा वारा लागला की अंग धनुष्यासारखं ताठ व्हायचं. दवाखान्यात चौघांनी तुम्हाला खाटेला बांधलं, दोऱ्या मनगटात रुतल्या, ओठ फाटले. मी लाळेचा नमुना घ्यायला वाकले तेव्हा शुद्धीवर आलात आणि ओरडलात, “दूर व्हय बेटा! मी चावसू तुले!” मी नमुना घेतला. रडायचं सोडून नमुना घेतला. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

तिसऱ्याच्या दिवशी, राख सावडून आल्यावर, मी पाटचारीशी तो कोल्हा उकरला. कवटीचा चुरा झाला होता, हाताला फक्त चिखल लागला. तिथेच बसून त्याला घाण घाण शिव्या दिल्या. मग तुम्हाला दिल्या. माफ करा.

आज मी आईला फोनची गोष्ट सांगितली. ती मिरच्यांची देठं मोडत होती.

“माले ठाऊक शे,” म्हणाली. “त्यासना दोन्ही हात म्हैसनं तोंड धरामा गुतेल व्हतात. फोन मीच धरेल व्हता. समदं ऐकेल शे मी.”

“मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

“दवाखानामा त्यासनीच सांगं. पोरनं नाव काढू नको, ती मरी जाई.”

आबा! तुम्हाला कळलं होतं तर. खाटेला बांधलेलं असताना, घोटभर पाण्यासाठी तडफडताना, तुम्ही मला वाचवत होता!

तुमचं हे सांगणं मात्र मी मोडणार आहे. रागवा हवं तर. ती ओळ दुरुस्त करायचं पत्र छापणाऱ्यांना आजच पाठवते : ‘पशुवैद्याने फोनवर दिलेल्या सल्ल्यावरून’. आणि उद्या सकाळी दूध घालायला सगळे डेअरीवर जमतील, तेव्हा तिथे उभी राहून सांगेन, “मन्हा बापले हात टाकाले मीच सांगं. आणि खरं बोलानी भीती बी मीच घाली. कोल्हा मारेल व्हई ते व्हई, पन माले सांगा. मी वनखाताले कोन्हंच नाव देवाव नही.” शब्द देते तुम्हाला.

तुमची,
मंगल