लाल टाकीखालचा सांधा

अंबरनाथ (पूर्व)
२ एप्रिल १९९६

प्रिय शालन,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र शनिवारी पोचलं. ट्रेनिंगच्या तुकडीत बावीस मुलगे आणि तू एकटी, ही बातमी मी आतापर्यंत पोस्टमनला, दूधवाल्याला, कारखान्याच्या गेटवरच्या वॉचमनला आणि पालेगावच्या रिक्षा स्टँडवर ज्यानं ज्यानं ऐकून घेतलं त्या सगळ्यांना सांगून मोकळा झालो आहे. 'सहायक मोटार वाहन निरीक्षक' हे शब्द मी सावकाश उच्चारतो, घाई करत नाही. लोक त्याचं परस्पर 'आरटीओ साहेब' करून टाकतात, मी दुरुस्त करायला जात नाही. तुझी आई म्हणते, पोरगी साधी आणि बापच फुगलाय. फुगलोय तर फुगलोय. दहा घरांच्या चाळीत वाढलेली मुलगी आता रस्त्यावरची गाडी थांबवून 'ही चालणार नाही' म्हणणार, आणि ती खरोखर चालणार नाही. याचा अभिमान मी नाही बाळगायचा तर कुणी बाळगायचा?

आता कामाचं. चौदा तारखेला विहारात तुझा सत्कार आहे, समितीनं ठराव केला. तू रजा काढून येच. सत्कारानंतर मला दोन शब्द बोलायचे आहेत, आणि मंडळींची फर्माईश आहे ती नेहमीचीच : शंकरराव, मोटरसायकलची गोष्ट होऊन जाऊ दे. ती गोष्ट तू इतक्या वेळा ऐकली आहेस की मी खोकलो तर पुढचं वाक्य तू सांगशील. तरी आज ती तुला लिहून पाठवतो आहे. त्या गोष्टीत एक खोट आहे, माझ्या समजुतीप्रमाणे तुला आणि मला दोघांनाच माहीत असलेली, आणि चौदा तारखेच्या आत ती काढायची आहे. सावकाश वाच.

अठ्ठ्याऐंशी साल. दसऱ्याला कारखान्यात सगळ्यांच्या गाड्या झेंडूनं मढायच्या आणि मी आपला सायकलवर. मनात घेतलं, यंदा विजयादशमीला विहारात जायचं ते मोटरसायकलवर, हँडलला निळा झेंडा आणि मागे तुझी आई. तुझी आई म्हणाली, गाडी बघायला एखादा मेकॅनिक सोबत न्या. मला ते फार लागलं. ज्याचा सतरा नंबरचा तपासणीचा पंच उमटल्याशिवाय कारखान्यातून एक शाफ्ट बाहेर पडत नाही, त्यानं मेकॅनिक न्यायचा? गेलो एकटाच उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, गुरुदत्त शेठच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात. त्याला आधी माझं खातं सांगितलं, मग नाव. तो पक्का माणूस. म्हणाला, 'अरे साहेब, आप तो खुद इन्स्पेक्शनवाले, आपको मैं क्या गाडी दिखाऊँ, आप मेरेको दिखाओ.' झालं, मी तिथेच विकला गेलो. चेन दाबून पाहिली, इंजिनाचा आवाज डोळे मिटून ऐकला, मोठ्या जाणकारासारखी मान डोलावली. मीटर आठ हजार किलोमीटर दाखवत होतं आणि पाय ठेवायचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. दोन्ही मी पाहिलं, पण विश्वास मीटरवर ठेवला. टाकी लालभडक, नवीन रंगाची. टाकीखाली काय आहे हे बघायचं माझ्या मनातही आलं नाही. कारखान्यात कुणी असा तपास केला असता तर मी त्याला हाकलून दिला असता.

विजयादशमीचा दिवस थाटात गेला. पुढच्याच आठवड्यात गाडीनं निळा धूर सोडायला सुरुवात केली, आणि मग एकेक बाहेर पडू लागलं. ब्रेकचा पट्टा शेवटच्या घटका मोजत होता. मीटर मागे फिरवलेलं होतं. टाकी गळत होती, तिच्या भोकात कपडे धुण्याचा साबण कोंबून वरून रंग मारलेला होता. हे सगळं मी चाळीपासून लपवलं. स्टेशनच्या पलीकडे गाडी बंद पडली की घरापर्यंत ढकलत आणायचो, आणि कुणी विचारलं तर म्हणायचो, कुणाचं बाळ झोपलं असेल, उगाच आवाज कशाला. शेजारच्या राजाबाई एकदा म्हणाल्या, शंकरभाऊ, तुमच्यापेक्षा तुमची सायकल बरी होती, ती तरी तुम्हाला वाहून न्यायची. मी हसलो, पण आतून जळत होतो. तुला मात्र सगळं माहीत होतं, कारण पाना धरायला, दिवा धरायला तूच असायचीस. दहावीचं वर्ष तुझं, पण गाडी उघडली की तू पुस्तक मिटून यायचीस.

त्या रविवारची गोष्ट मी नेहमी अशी सांगतो : टाकी काढली, खालचा सांगाड्याचा पाईप पुसला, हाताला रंग जाड लागला, आणि माझ्या मनात संशय आला. शालन, तो संशय माझ्या मनात आला नव्हता. मी टाकी काढून ठेवून विहारात मीटिंगला गेलो होतो. परत आलो तेव्हा तू टाकीखालच्या पाईपचा रंग ब्लेडनं खरवडला होतास, त्यावर रॉकेल लावून कोरडं पुसलं होतंस आणि खडूची पूड भुरभुरवली होतीस. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू पुडीत उमटतं, हे मीच तुला शिकवलेलं, तुझ्या आईच्या लोखंडी खलाला तडा गेलाय की नुसता ओरखडा, यावरून आमचं भांडण झालं होतं तेव्हा. तू पाचवीत होतीस. ते तू लक्षात ठेवलंस, आणि मी, रोज तेच करणारा माणूस, घरच्या गाडीला करायचं विसरलो. मी आलो आणि म्हणालो, टाकी बसव, आईला घेऊन बदलापूरला मावशीकडे निघायचं आहे. तू म्हणालीस, आबा, नको. ओरडलो मी. अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं ओरडलो, की आता तू मला इन्स्पेक्शन शिकवणार का. तू चावी मुठीत धरून उंबऱ्यावर बसलीस आणि मी जाऊन बघेपर्यंत हलली नाहीस. मी वाकून पाहिलं. पांढऱ्या पुडीत काळी रेघ, पाईपला जवळजवळ पूर्ण वेढा घातलेली. दोन मोडक्या गाड्यांचे अर्धे-अर्धे सांगाडे जोडून ती एक गाडी केली होती, आणि तो जोड सुटत आला होता. बदलापूरच्या रस्त्यावर तुझी आई माझ्या मागे बसली असती. आणि त्या क्षणी मी काय केलं, तर शर्टाच्या बाहीनं ती रेघ पुसून टाकली. शेजाऱ्यांनी बघू नये म्हणून. हे मी तुझं पत्र येईपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत गाडी घालून आपण दोघं कॅम्पात गेलो. तुझ्या हातात रॉकेलची बाटली आणि खडू. दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोर पुन्हा रॉकेल, पुन्हा पूड, पुन्हा तीच रेघ. गुरुदत्तचा चेहरा उतरला, पण त्यातही त्यानं मला बरोबर पकडलं. विचारलं, 'किसने निकाला ये?' आणि मी म्हणालो, 'मैंने.' तू माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होतीस. तो हात जोडून म्हणाला, मान गये साहेब, आणि मुकाट्यानं पैसे परत केले. मी निघालो, तू निघाली नाहीस. तिथे तू एकच वाक्य बोललीस : 'ही गाडी रंगवून आता दुसऱ्याला विकाल, ती आत्ता आमच्यासमोर कापा.' पंधरा वर्षांची मुलगी. मला तर वाटलं होतं आपलं काम झालं, चला. समोरच्या वेल्डिंगवाल्याला बोलावून सांगाड्याचे दोन तुकडे होईपर्यंत तू तिथून हलली नाहीस. पुढे गोष्टीत ते वाक्यही मी माझ्याच तोंडी घातलं.

आणि मग ती गोष्ट मी कुठे नाही सांगितली? कारखान्यात नव्या पोरांना, लग्नाच्या पंगतीत, बदलापूरला मावशीच्या वास्तूला. लोक वाहवा करायचे आणि तू खाली बघायचीस. कधी चहाचे कप गोळा करायला उठायचीस. मला दिसायचं, शालन. न दिसायला मी आंधळा नव्हतो. सुरुवातीला वाटायचं, पोर आहे, विसरेल. नंतर इतक्या वेळा सांगून झालं की खरं सांगायला तोंडच राहिलं नाही. कारखान्यात दुसऱ्यानं तपासलेल्या जॉबवर आपला पंच मारणं हा सगळ्यात मोठा गुन्हा. त्यासाठी मी एकाची बदली करवली होती. घरी मी तेच केलं, आणि ते आठ वर्षं करत राहिलो.

हे असंच चाललं असतं, पण तुझ्या पत्रात ती ओळ आली. मुलाखतीत विचारलं, या खात्यात का यावंसं वाटलं, तर तू त्यांना आपल्या मोटरसायकलची गोष्ट सांगितलीस, आणि लिहिलंस, 'आबा, तुम्ही तो जोड कसा शोधलात ते ऐकून सगळे साहेब खूश झाले.' तिथे तुला ओळखणारं कुणी नव्हतं, शालन. तुझी नोकरी पणाला होती. तिथे तरी 'मी शोधला' म्हणायचंस. तिथेही तू माझाच पंच राहू दिलास. ते वाचून तुझ्या आईला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला तेव्हाच माहीत होतं, तुमच्या शर्टाच्या बाहीला खडू लागला होता, तो मीच धुतला. म्हणून हे पत्र. चौदा तारखेला मी विहारात मोटरसायकलची गोष्ट सांगणार, पण जशी घडली तशी, बाहीनं रेघ पुसल्यासकट. लोक मला हसतील, हसू देत, माझी छाती त्या दिवशी जास्तच पुढे असेल. मला फक्त तुला आधी कळवायचं होतं, म्हणजे तू ऐनवेळी मला अडवायला उठणार नाहीस. पहिल्या रांगेत बस. आणि एवढं एक माझं ऐक : या वेळी मी गोष्ट सांगायला लागलो की खाली बघू नकोस.

तुझाच, तुझ्याकडून पास व्हायचं राहिलेला,
आबा