आत्याचा धवला, गेट लावून

१८ नोव्हेंबर
रोशनीच्या हळदीचं गाणं मीच करणार! चुलतबहिणीच्या हळदीला अख्खं करंजा लोटतं. तिथे वाजलं की पनवेल-उरण पट्ट्यात माझीच हवा. सुकापुरात आईच्या कपाटाला टेकून बसणारा संगीतकार — कळू दे लोकांना एकदा.

२१ नोव्हेंबर
करंजाला जाऊन गंगाआत्याचा धवला रेकॉर्ड केला. आत्या लग्नांत धवले गाते. आधी देवांना, मग घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन हळदीला बोलावते. न संपणारं प्रकरण! रेकॉर्डर चालू करून मी वडापाव खायला गेलो.

आपल्या धाकट्या भावाचं, म्हणजे माझ्या बाबांचं नाव ती घेणार नाही, हे ठाऊकच होतं. बाबांनी होडी विकून इकडे घर घेतलं तेव्हापासून अबोला. दयाराम हे नावच टाकलं तिने. बाबा गेले, तरी आई अजून विचारते, आत्या काही बोलली का यांच्याबद्दल? मला राग येतो. खूप येतो.

२३ नोव्हेंबर
कच्चं रेकॉर्डिंग ऐकत बसणं हे हौशी लोकांचं काम. मी सरळ बीटवर टाकलं आणि गेट लावला — म्हणजे आवाज तालात चालू-बंद, चालू-बंद. आत्याचा लांबलचक सूर असा तुकड्यातुकड्यांत नाचायला लागला! ओळींचे शेवट खाल्ले जातात, पण शेवट ऐकतो कोण?

साऊंडवाला जिब्रान म्हणाला, "भाई, आत्याला उचकी लागलीय का?" त्याला कलेतलं कळत नाही. स्पीकर मात्र चांगले आहेत त्याचे.

२४ नोव्हेंबर
गेट अजून वाढवला.

२ डिसेंबर
काल हळद. मांडव हलला! काशीराममामा नाचताना दोनदा पडले, दोन्ही वेळा तालात. आत्या मात्र गाणं अर्ध्यावर असताना उठली आणि न जेवता घरी गेली. रोशनी अंगभर हळद घेऊन माझ्याकडे आली.

"आत्या बोलते, मी ज्याला बोलावला त्याला शैलेशनी येऊच दिला नाय."

मी? मी तर सगळा वेळ स्पीकरपाशी होतो. पार्किंगला मामा होते, त्यांना विचारा.

४ डिसेंबर
रील सगळीकडे फिरतेय. आत्या फोन उचलत नाही. रुसवा कशाचा ते आत्ता लक्षात आलं — क्रेडिट! गाण्याखाली 'आवाज : गंगाबाई' टाकलं. तरी उचलत नाही. आई म्हणते, तिला साधा धवला पाठव, तुझ्या करामतींशिवाय. बरं. उद्या.

५ डिसेंबर
गेट काढून टाकला. पहिल्यांदाच पूर्ण ऐकलं. देव झाले, आजोबा झाले. मग आत्या थांबते, घसा खाकरते.

"दयाराम, भावा, होरी नसली तरी ये."

पुढच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी तेच नाव. आईला हाक मारली आहे. हात पुसून येतेय.