ह्यांचं जुनं कंबरदुखणं

गुरुवार, २१ नोव्हेंबर १९९६, लखनऊ

आज कोर्टात ह्यांची साक्ष झाली. आलमबागला मोटारीने ह्यांच्या स्कूटरला धडक दिली त्याला वर्ष झालं, पण विमा कंपनीच्या वकिलाने धरून ठेवलं ते जुनं कंबरदुखणं. "कमर तो पहले से खराब थी न?"

जुना एक्स-रे घरीच ठेवा, असं आमच्या वकिलांनी बजावलं होतं. ह्यांनी तो स्वतःच पिशवीतून काढला.

"जी, खराब थी. पर उसी कमर से रेल के पुल पर चढ़ता था. अब मोजे भी पत्नी पहनाती है."

मग साक्षीला आलेल्या डॉक्टरांनी जुना आणि नवा एक्स-रे शेजारी धरून दाखवले. झीज जुनी, पण मोडलेला मणका नवा. जज्जसाहेबांनी तसं लिहून घेतलं. म्हणजे तो जुना एक्स-रेच उपयोगी पडला! आणि मी तो लपवायला तयार होते. का?

परतताना रिक्षात ह्यांनी हळूच विचारलं, "मोज्यांचं सगळ्यांसमोर बोललो. राग आला का?"

राग कसला! सतरा वर्षांच्या संसारात चारचौघांत ह्यांनी माझं कौतुक केलं ते आजच.