खडीसाखरेचं पाणी

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुमच्याहून वयानं मोठी आहे. वडिलांशी असं बोलू नये म्हणतात, पण मोठेपणाचा तेवढा फायदा आज घेते.

तेव्हाच्या उस्मानाबादेत पाव म्हणजे आजाऱ्याचं खाणं. आपल्या दुकानाच्या पायरीवर कुणी धडधाकट माणूस दिसला की जाणारा-येणारा थांबून विचारायचा, "कोण पडलंय घरात?" हैदराबादेत भट्टीचं काम शिकून आलेले तुम्ही एकटेच. शिंदी घालून मैदा फुगवता म्हणून काही घरं पाव दाराबाहेरच घ्यायची आणि दुधात बुडवून मुकाट खायची. त्यांची तुम्ही केलेली नक्कल अजून आठवते. मग आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, मागोमाग दारूबंदी आली, शिंदीची दुकानं बंद झाली. शेवटच्या मडक्यातला तळाचा पांढुरका गाळ तुम्ही लोणच्याच्या बरणीत भरून आणलात. त्यालाच तुम्ही खमीर म्हणायचात. रोज मूठभर पीठ आणि चिमूटभर गूळ घालून ते जगवायचं, त्यावरच भट्टी चालायची. एकदा पीठ न घालता मी गुळाचा खडाच टाकला, तर केवढे संतापलात! "ते उपाशी मरत न्हाय, निजतंय. निजलेल्याला उठवायचं तर पुरतं ताट वाढून उठवावं. नुसतं गोड दाखवून उठवू ने." मी तेव्हा शाळेत विज्ञानात पहिली येत होते, त्यामुळं पाववाल्याचं ज्ञान मला फारसं पटलं नाही.

त्या उन्हाळ्यात तुम्ही विषमज्वरानं अंथरूण धरलंत. डॉक्टर म्हणाले, पोटात घन काही जाता कामा नये, खडीसाखरेचं पाणी द्या. आईनं तुळजापूरच्या भवानीला नवस बोलला आणि ती उशाशी बसून राहिली. चमच्यानं पाणी पाजायचं काम माझं. बरणीकडं दहा-बारा दिवस कुणी फिरकलं नव्हतं. तुम्ही तापात सारखं एकच विचारायचात, "खमीर हाय का गं? ते जगलं तर भट्टी पेटंल." झाकण काढलं तर वर पिवळं पाणी, खाली करडा गाळ, एक बुडबुडा नाही. गव्हाचं पीठ संपलं होतं आणि त्या दिवसांत आईकडं काही मागायची माझी छाती नव्हती. आजाऱ्याला जे देतात ते यालाही द्यावं, असं मला वाटलं. तुमच्या वाटीतलं उरलेलं खडीसाखरेचं पाणी मी बरणीत ओतलं. संध्याकाळपर्यंत त्याला असा फेस आला की मी ओरडतच तुमच्याकडं पळाले, "अण्णा, उठलं!" तुम्ही हसलात. आजारात तेवढंच एकदा.

मग मी रोज तेच पाणी देत गेले. चौथ्या दिवशी फेस बसला, नासल्याचा वास सुटला. तुम्ही विचारत होतात आणि मी सांगत होते, "व्हय, उठतंय." शेवटी तुम्ही म्हणालात, बरणी इकडं आण. मी आत जाऊन त्यात ताक आणि खायचा सोडा घातला आणि फसफसती बरणी तुमच्या नाकाशी धरली. तुम्ही वास घेतलात. "लई चांगलं हाय," म्हणालात, "जप त्याला." तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

पुढं मी पुण्याच्या प्रयोगशाळेत यीस्टवरच, म्हणजे तुमच्या खमिरातल्या जिवांवरच, जन्म काढला. तुम्हाला कळेल असं सांगते. ही एकेक पेशी आधी खाऊन वाढते, पुरेशी मोठी झाली की मगच तिला कोंब फुटतो आणि एकीच्या दोन होतात. अन्न संपलं की ती हे सगळं थांबवते, थोडी शिदोरी गाठीला बांधते आणि गप्प पडून राहते. तशी ती कितीतरी दिवस तग धरते. पण अशा उपाशी पेशीला नुसती साखर मिळाली तर तिला वाटतं सुगी आली. गाठीची शिदोरी सोडून ती वाढायला निघते आणि अंग बांधायला लागणारं बाकीचं काहीच तिच्याकडं नसतं. परत निजणं तिला जमत नाही, म्हणून ती मरते. हे मी स्वतः काचेखाली पाहिलं त्या दिवशी बाकीच्यांनी पेढे वाटले. मी घरी येऊन पडून राहिले. अण्णा, मी काहीच दिलं नसतं तर ते जगलं असतं. बारा दिवसांच्या उपासानं ते मेलं नव्हतं, माझ्या मायेनं मेलं. लोकांना वाटतं बापाच्या आठवणीसाठी पोरीनं हा विषय घेतला. मला फक्त ऐकायचं होतं की चूक माझी नव्हती. ते काही ऐकायला मिळालं नाही.

हे कागद कुठं टाकायचे तेही मला ठाऊक नाही, उद्या चुलीत घालीन. पण एक लिहून टाकते. त्या दुपारी तुम्हाला सोड्याचा वास आला होता. पावाच्या वासावर तुमची हयात गेली, तुम्ही कसे फसाल? वास घेऊन तुम्ही माझ्याकडं पाहिलंत आणि तुम्हाला कळलंय हे मला तिथंच कळलं. तरी मी "व्हय अण्णा, जपते," म्हणाले आणि बरणी उचलून आत गेले.