धाकटा ऐकत नाही

३ जून
नवी नोकरी, नवं टेबल आणि टेबलावर चक्क रबरी फुप्फुसं! ती फुगताना पाहून इतकी हसले की शेजारच्या वायरमनने पाणी आणून दिलं. इथे श्वासयंत्रं बनतात आणि आधी त्या रबरी फुप्फुसांवर तपासली जातात. ज्यांची छाती दमली आहे त्यांनी मास्क लावायचा आणि त्यांच्या प्रत्येक श्वासाला यंत्राने मागून जोर द्यायचा. बाबांना असंच यंत्र हवं आहे. चाचणीसाठी कर्मचाऱ्यांच्या घरी एक देतात हे कळल्यावर ही नोकरी मी सोडणार होते थोडीच!

यंत्रात चिप एकच, पण तिच्यात बिऱ्हाडं दोन. मोठ्या कोअर्सवर, म्हणजे चिपमधल्या हिशेब करणाऱ्या भागांवर, मोठी ऑपरेटिंग सिस्टिम: पडदा, अलार्म, सेटिंग, सगळा बडेजाव. बाजूच्या चिमुकल्या कोअरवर वेगळी चिमुकली सिस्टिम, तिला फक्त हवा ढकलणारा पंखा कळतो. इथे सगळे त्यांना थोरला आणि धाकटा म्हणतात. दोघांच्या मध्ये मेमरीचा एक तुकडा आहे, त्याचं नाव कोनाडा. थोरल्याने तिथे आज्ञा ठेवायची, धाकट्याने उचलायची. थोरला कोलमडला तरी धाकट्याने श्वास थांबवायचा नाही. आमच्या घरीही हेच आहे, बाबा हुकूम सोडतात आणि आई संसार चालवते.

५ जून
यंत्र काल घरी आलं. इतके महिने उशांना टेकून रात्र काढणारे बाबा काल आडवे होऊन झोपले. सकाळी मला म्हणाले, हा धाकटा तुझ्यापेक्षा गुणी, सांगितलेलं ऐकतो तरी. आई स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली.

८ जून
आज पडदा गोठला. थोरल्याने पडता पडता कोनाड्यात अर्धवट आज्ञा टाकली, धाकट्याने ती इमानेइतबारे पाळली आणि बाबांचा श्वास मधेच तुटला. क्षणभरच. पण त्यांचा चेहरा पाहून मी रात्रभर त्यांच्या उशाशी बसले.

९ जून
उपाय सापडला. धाकट्याला शिकवलं: थोरल्याची आज्ञा संशयास्पद वाटली तर उचलू नकोस, आपल्या हिशेबाने चालव. आमच्या प्रमुख बाईंनी, त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणतात, विचारलं की संशयास्पद काय हे ठरवणार कोण. मी म्हटलं, धाकटाच.

ज्याने बदल केला त्याने मास्क आधी स्वतःच्या तोंडावर लावायचा, असा इथला शिरस्ता. दुपारभर लावून बसले. फार बरं वाटलं, श्वास घ्यायचं कामच उरलं नाही. संध्याकाळी तोच बदल बाबांच्या यंत्रात घातला.

१२ जून
रबरी फुप्फुसं झकास चालतात. पण आज कोनाडा उघडून पाहिला तर आत आज्ञांचा ढीग. थोरला ठणठणीत आहे, आज्ञा अगदी बरोबर आहेत, आणि धाकटा एकही उचलत नाही. मास्तरीणबाई म्हणाल्या, घरचं यंत्र आजच परत आणा.

घरी आले तर बाबांचे आकडे कधी नव्हेत इतके सुंदर. आई म्हणाली, दोन दिवस राहू दे गं. मी राहू दिलं. बाबांना मात्र कोणीच विचारलं नाही.

१३ जून
बाबा कमी बोलतात. कारण विचारलं तर म्हणाले, बोलायला श्वास आपला लागतो. हल्ली तो घेतो आणि मी नुसता बरोबर असतो. मग नेहमीचा विनोद सांगायला लागले. ऐन शेवटाला छाती आपोआप वर गेली आणि शेवट राहूनच गेला. मला भीती वाटते आहे. उद्या बंद करते.

१४ जून
बंदचं बटण दाबलं. पडद्यावर आलं, यंत्र थांबलं. पंखा चालूच. प्लग काढला, बॅटरी काढली, मास्क ओढला. पंखा थांबला.

बाबांची छाती त्याच ठेक्यात वरखाली. अगदी त्याच. हाक मारली. डोळे उघडे. उत्तर नाही —

१५ जून
डॉक्टर म्हणतात, श्वास उत्तम. बाकीचं त्यांनाही कळत नाही. आई पायाशी बसून म्हणते, निदान शांत तरी आहेत.

थोरला पडला. धाकटा चालू.

१६ जून
नाही. पडलेला नाही.

आईने बाबांचा तो विनोद पुरा केला. तिला पाठ आहे. बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

ते ऐकतायत. सगळं. आज्ञा सोडतायत — उचलणारा उचलत नाही — मीच शिकवलं. मी.

१७ जून
मास्तरीणबाईंचा फोन. हॅलो म्हणायला थांबावं लागलं. छाती वर गेली, खाली आली, मग —

मी मास्क दुपारभरच लावला होता. एकच दुपार.

हात अजून ऐकतो. आई हाक मारतेय. पुन्हा मारतेय. ओ द्यायची आहे, तोंड उघडलंय, पण श्वास — पुढच्या श्वासाला देते. पुढच्या —

आई, हे वाचलंस तर बाबांशी बोलत राहा. ते ऐकतायत. आणि माझ्याशी प