चित्र क्रमांक नऊ

तीर्थरूप ताई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो, पण लांबूनच. जवळ आलो की तू आशीर्वादाआधी कान पिरगाळतेस. (मागच्या पत्राच्या सुरुवातीला मी 'सा. न. वि. वि.' लिहिलं होतं. तुझ्या बोलक्या फोनने ते एकेक अक्षर करत वाचलं आणि तुला ते कुठल्यातरी सरकारी खात्याचं नाव वाटलं, असं सूनबाई सांगत होती. म्हणून या वेळी सगळं ऐसपैस लिहितोय. तो फोन कंससुद्धा वाचतो म्हणे. वाचू दे. कंसांशिवाय मला लिहिता येत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.)

गुडघे कसे आहेत? डोळ्यांचं विचारत नाही. मागच्या वेळी विचारलं तर "आहेत जागेवर" म्हणालीस आणि फोन ठेवून दिलास. मी मजेत आहे. आणि हे पत्र काही मागायला लिहिलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तू म्हणशील, ढब्ब्याला काहीतरी हवं असल्याशिवाय बहीण आठवत नाही.

तर झालं असं. आमच्या वाचनालयात जुनी छापील पुस्तकं वेबपानांवर आणायचं सॉफ्टवेअर आलंय. पान काचेवर पालथं घालायचं, झाकण लावायचं, की ते अक्षरं ओळखून पान तयार करतं आणि मग तुझ्यासारख्यांचा फोन ते घडाघडा वाचतो. गेल्या महिन्यात तू म्हणालीस ना, "आता माझं वाचन संपलं," ते मला अजिबात सहन झालं नाही. आयुष्यभर मला पुस्तकांवरून बोलणी तू घातलीस आणि आता तूच संप पुकारतेस? दुसऱ्याच दिवशी मी ट्रंकेतून बाबांचं 'भिंतीवरचं घड्याळ: देखभाल व दुरुस्ती' काढलं आणि कामावर घेऊन गेलो. बाबा घड्याळं उघडून सांगताहेत आणि तू अकरा वर्षांची पोर समोर बसून लिहून घेतेयस, असं ते पुस्तक झालं. ते तुला परत ऐकायला मिळालंच पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

पण सॉफ्टवेअर म्हणजे नवा जावई. सगळं येतं असं दाखवतं आणि प्रत्येक गोष्ट विचारून करतं. बाबांनी पानाचे दोन रकाने पाडलेत, डावीकडे सावधगिरी आणि उजवीकडे कृती. या शहाण्याने सरळ आडवं वाचत नेलं. तयार झालेलं वाक्य असं: दुरुस्ती चालू असताना लहान मुलांना तेलाचा एक थेंब देऊन कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. आमचे तपासनीस (ते जन्मापासून पाहू शकत नाहीत, प्रत्येक पान कानाने तपासतात आणि तेही अशा वेगाने की मला नुसती भुणभुण ऐकू येते) हे ऐकून खुर्चीवरून पडायचे राहिले. मग म्हणाले, "तुमचे वडील कडक होते वाटतं."

होतेच. कारण पुढे जाड ठशातली प्रत्येक ओळ सॉफ्टवेअरने प्रकरणाचं नाव समजून उचलली. अनुक्रमणिकेत 'हात लावू नका' नावाची अकरा प्रकरणं झाली. मी दहा काढली, एक ठेवलं. बाबांची आठवण म्हणून. एकतिसाव्या पानावर त्यांच्या चहाच्या कपाचा गोल डाग आहे, त्याला सॉफ्टवेअर म्हणालं, हे चित्र, बहुधा दातेरी चाक, वर्णन लिहा. मी लिहिलं, 'बाबांचा चहा, थंड झालेला.' तपासनिसांनी ते राहू दिलं, हे त्यांचे माझ्यावर उपकार.

खरी गंमत या वर्णनांचीच. प्रत्येक चित्राखाली ते चित्र शब्दांत लिहावं लागतं, नाहीतर तिथे लाल खूण येते आणि लाल खूण असेपर्यंत पुस्तक पुढे सरकत नाही. नियम असा की जे दिसतं ते दोन ओळींत लिहायचं. चित्र क्रमांक चार म्हणजे मोठी स्प्रिंग. मी लिहायला बसलो आणि ती स्प्रिंग मी सात वर्षांचा असताना कशी उडवली, ती कपाटामागे कशी गेली, तू "माझ्या हातून झालं" असं कसं सांगितलंस आणि दोन दिवस माझ्या वाटची बोलणी कशी खाल्लीस, हे सगळं आलं. दीड पान झालं. तपासनिसांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि स्प्रिंग कशी आहे?" ती लिहायचीच राहिली होती. (ताई, त्या स्प्रिंगबद्दल मी कधी काही बोललो नाही. आता बोलतो. माझं चुकलं होतं.)

असो. आठ चित्रं झाली. एकच लाल खूण उरली आहे, पण त्याचा फार विचार करू नकोस. गोळ्या वेळेवर घे. सूनबाईशी भांडू नकोस आणि भांडलीस तर जिंक.

तुझा आज्ञाधारक (हसू नकोस),
ढब्ब्या

ता. क. – फोनला शिव्या घालत जाऊ नकोस. तो ऐकत नाही, फक्त बोलतो. आपल्या घराण्यातलाच आहे.

ता. क. दुसरा – ती उरलेली लाल खूण चित्र क्रमांक नऊची आहे. शेवटच्या पानावरचा फोटो. बाबा टेबलावर वाकलेत आणि मागून कोणीतरी दिवा धरलाय. शाई पसरल्यामुळे चेहरा काळा झालाय, दिसतो तो फक्त हात. मी जन्मभर तो तुझा समजत आलो, कारण मला कळायला लागल्यापासून दिवा तूच धरायचीस. परवा पडद्यावर चित्र मोठं केलं. तो अकरा वर्षांच्या मुलीचा हात नाही, ताई. मोठ्या बाईचा आहे. आईचा आहे का?

तिचा एकही फोटो आपल्याकडे नाही. ती गेली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो, मला काहीही आठवत नाही. लाल खूण घालवायला एक सोपी सोय आहे. 'हे चित्र केवळ शोभेचं' अशा चौकोनात टिचकी मारायची. मारणारच होतो. तपासनीस म्हणाले, "मारा, पण मग आमच्यासाठी ते चित्र तिथे नसतंच. यंत्र त्यावरून न थांबता पुढे जातं." माझा हात मागे आला.

तर मागणं आहेच. सुरुवातीला खोटं बोललो. मला डोळे आहेत आणि काही दिसत नाही. तू सांग त्या चित्रात काय आहे. ती कशी उभी होती, बाबांवर वैतागली होती की हसत होती, तिचा चेहरा कसा होता. मी शब्दन् शब्द टाइप करीन.

ता. क. तिसरा – दोन ओळींचा नियम तुला लागू नाही. तपासनिसांना मी विचारलंय.