पूर्वेला गेले तर पूर्वेला

प्रिय दादा,

'प्रिय' सवयीने लिहून गेले, आता खोडत बसत नाही. पण हे पत्र चहा पिता पिता वाचू नकोस, आणि वहिनीला मोठ्याने वाचून तर मुळीच दाखवू नकोस. अर्ध्यावर तुझाच आवाज बसेल.

मंगळवारी तुझा खोका आवरायला घेतला. तिकडे नव्या ऑफिसात चौघं आपला रविवारचा खेळ खेळायला तयार आहेत, फासे आणि कार्डं कुरियरने पाठव, असं तूच फोनवर म्हणालास. तळाशी तुझी निळी वही निघाली आणि तिच्यात चार घड्या घातलेला तुझा नकाशा. तोच, जो तू दहा वर्षं पुठ्ठ्याच्या आडोशामागे ठेवून खेळ चालवलास. पाणी प्यायला उठताना माझी नजर चुकून तिकडे गेली, तरी खेकसायचास. दादा, तो नकाशा कोरा आहे! पहिल्या गावाभोवतीची पटावर असतात तशी दहा-बारा षटकोनी घरं भरलेली, आणि त्यापुढे कागदाच्या कडेपर्यंत काहीही नाही.

पहिल्या रविवारी तू काय म्हणाला होतास, ते मला शब्दन् शब्द आठवतं. जेवणाच्या टेबलावर आमच्यासाठी रिकाम्या घरांचा मोठा कागद पसरलास आणि म्हणालास, "गोष्ट मी ठरवणार नाही. माझ्या नकाशावर डोंगर, गावं, दरोडेखोर सगळं आधीच मांडलेलं आहे. तुमचे पाय नेतील तिकडे जा. जे जिथे आहे ते तिथेच सापडेल, मी ते हलवणार नाही." म्हणून तर आम्ही एकेक सोंग घेऊन खेळलो. दातांच्या प्रयोगशाळेत दिवसभर कवळ्या घासणारी मी तुझ्या टेबलावर तिरंदाज होते. बाबा खेचरवाले. आणि खालच्या दुकानातले औषधवाले काका, जे आयुष्यभर एका काउंटरमागे उभे राहिले, ते आमचे वाटाडे. आम्ही जात राहिलो आणि आमचा कागद घरागणिक भरत गेला. काका तर जाताना वळणं पाठ म्हणत जिना उतरायचे.

मग तो फाटा आला. दोन वर्षं झाली. कोरड्या नदीपात्रापाशी बाबा म्हणाले दक्षिणेला मिठाच्या तळ्याकडे जाऊ, मी म्हणाले पूर्वेला खिंडीकडे. मी हट्ट धरला, माझंच खरं केलं. पूर्वेला पूल लागला, पुलावर सहा दरोडेखोर, आणि काकांचा वाटाड्या मारला गेला. आठ वर्षं सांभाळलेला माणूस. तू आडोशामागे फासा टाकलास, खांदे उडवलेस आणि म्हणालास, "वाट तुम्ही निवडलीत." 'तुम्ही' म्हणालास, पण पाहिलंस माझ्याकडे. काकांनी वाटाड्याचं कार्ड उचलून खिशात घातलं आणि पुढच्या रविवारी आले नाहीत. त्यानंतर कधीच आले नाहीत. गोळ्या आणायला मी गेले की न बोलता पुडी पुढे सरकवायचे. मी स्वयंपाकघरात नळ सोडून रडत होते तेव्हा तू दारात उभा होतास. खेळच आहे, इतकं काय मनाला लावून घेतेस, म्हणालास.

आता तुझ्या वहीतलं त्या आठवड्याचं पान उतरवून देते. अक्षर तुझंच आहे, नाही म्हणू नकोस. "पूल. दरोडेखोर सहा. पूर्वेला गेले तर पूर्वेला, दक्षिणेला गेले तर दक्षिणेला. वाटाड्याला इथे संपवायचा, म्हणजे गंमत वाढेल. फासे आडोशामागे."

वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे मी बाबांचं ऐकलं असतं तरी तोच पूल, तेच सहा जण. ठरवलंस तू आणि खापर फुटलं माझ्या डोक्यावर. तुला गोष्ट सांगायची होती ना, मग सरळ सांगायचीस! आम्ही मांडी घालून ऐकली असती. वाट निवडायला लावून कशाला नाचवलंस?

वही घेऊन मी तशीच बाबांच्या खोलीत गेले. त्यांनी चष्मा लावून पान वाचलं, वही मिटली आणि म्हणाले, "मला ठाऊक होतं." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. ते म्हणाले, "त्या पुलाखालची नदी डोंगर चढत होती गं. चाळीस वर्षं जमीन मोजली मी. त्याने पूल सांगितला तेव्हाच कळलं, हा आत्ता मनाने काढतोय." मग बोलला का नाहीत, म्हणून मी जवळजवळ ओरडलेच. त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "बोललो असतो तर तो वही मिटून उठला असता. रविवारचाच तर यायचा."

कळलं तुला? तू यावास म्हणून ते मूग गिळून बसले. आणि त्यासाठी मी दोन वर्षं अपराधी राहिले तरी त्यांना चाललं. मी कुठे जाणार होते? मी घरातच होते. त्यांच्या पायाला पट्टी बांधायला, डोळ्यांत थेंब घालायला. घरात असलेल्या माणसाला धरून ठेवावं लागत नाही. दादा, तुझ्यावर चिडले त्याच्या दुप्पट मी त्यांच्यावर चिडले, तरी संध्याकाळचे थेंब मीच घातले.

दुसऱ्या दिवशी काकांच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले आणि वही काउंटरवर उघडून ठेवली. काकांनी पान दोनदा वाचलं. म्हणाले, "म्हणजे मी उगाच तुझ्यावर फुगून बसलो?" मी हो म्हटलं. त्यांनी गल्ल्याचा खण उघडला. वाटाड्याचं कार्ड तिथेच होतं, कोपरे पिवळे पडलेले. ते हातात धरून म्हणाले, "दोन वर्षं, पोरी." मग त्यांनी आतून स्टूल आणून दिलं आणि आम्ही दुकान बंद व्हायच्या वेळेपर्यंत तुला शिव्या दिल्या. फार बरं वाटलं.

एका खेळापायी कोणी आपलं आयुष्य अडवून ठेवत नाही, हे मलाही कळतं. पण त्या पुलानंतर काही ठरवायची वेळ आली की मी ते दुसऱ्यावर ढकलायचे. आमच्या मालकीणबाईंनी दुसऱ्या शहरात नवी प्रयोगशाळा काढली, ती तू चालव म्हणून मला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी नाही म्हणाले. बाबांचं कारण सांगितलं. ते खरंही होतं, पण तेवढंच नव्हतं. आपण निवडलं की कोणाचं तरी वाटोळं होतं, हे डोक्यात बसलं होतं. काल तिसऱ्यांदा त्यांनी विचारायची वाट मी पाहिली नाही. आपण होऊन गेले आणि येते म्हणाले.

म्हणून हे पत्र. मी एक तारखेला निघते आहे. त्याआधीच्या रविवारी तू इथे ये आणि बाबांना घेऊन जा, नाहीतर इथे येऊन राहा. यातलं काय करायचं ते तू आणि वहिनी ठरवा, मी विचारत नाहीये, कळवते आहे. बाबांना सांगून झालंय. ते म्हणाले, त्याला जमेल का बघ. मी म्हटलं, जमवेल. थेंब सकाळ-संध्याकाळ दोन-दोन, डाव्या पायाची पट्टी रोज सोडून बांधायची, आणि रात्री दिवा पूर्ण विझवलेला त्यांना चालत नाही. बाकीचं आलास की सांगेन, तेव्हा भांडायलाही वेळ ठेव.

तुझीच, अजून रागावलेली,
धाकटी